मुलीचा पोहण्याचा संघ बंद केला, पण फीच्या बिलातली 'अॅथलेटिक्स' ही ओळ तशीच आहे

पहाटेची_शिफ्ट

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले आहे. आज लिहिल्यावाचून राहवत नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक इथे अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही, तिला तिथेच अजून शिकायचंय. सहा वर्षांची होती तेव्हापासून पोहते. ज्यांची मुलं क्लबात पोहली त्यांना हे वेगळं सांगायला नको. शनिवारी पहाटे पाचला उठायचं, थर्मास भरायचा, आणि पूलच्या काठावर बसून काळ्या मार्करने पोरीच्या दंडावर तीन आकडे लिहायचे. कितवी स्पर्धा, कितवी हीट, कितवी लेन. ती शाई सोमवारपर्यंत जायची नाही, शाळेत तशीच जायची. बारा-तेरा वर्षं आमचं घर त्या वेळापत्रकावर चाललं. दोनशे बटरफ्लाय तिची खास. त्यावरच तिला अर्धी स्कॉलरशिप मिळाली.

गेल्या वसंतात एका मंगळवारी संघाला झूमवर बोलावलं. नऊ मिनिटांची मीटिंग. "बदलत्या आर्थिक परिस्थितीमुळे" पोहण्याचा कार्यक्रम या मोसमानंतर बंद. कोचना आदल्या रात्री कळलं होतं, म्हणजे त्यांची नोकरी गेली हेही त्यांना तेव्हाच कळलं. मुलींना प्रश्न विचारायला वेळ ठेवलाच नव्हता. स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील एवढं म्हणाले, त्याबद्दल आभारी आहे.

ऑगस्टमध्ये फीचं बिल आलं. ट्यूशन, टेक्नॉलॉजी फी, ट्रान्झिट फी, आणि त्याखाली 'अॅथलेटिक्स फी'. रक्कम जशीच्या तशी. संघ नाही, तलावाच्या त्या बाजूला कुलूप आहे, पण ओळ आहे. मी ते बिल स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

मग मी मुळापासून वाचायला बसले. कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेवर, 'हाउस' नावाचा खटला भरला होता. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि इथून पुढे प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळावेत याला माझा काडीचाही विरोध नाही. पण ते पैसे आले कुठून? अमेरिकन फुटबॉलच्या कोचच्या पगारातून आले नाहीत. आमच्यासारख्यांच्या पूलमधून आले.

आणि हे निस्तरायची ज्यांची जबाबदारी, ते वॉशिंग्टनमध्ये काय करतात? पाच वर्षांत डझनभराहून जास्त सुनावण्या, कायदा शून्य. मला इथल्या जाणकारांना विचारायचंय: नेमकं अडलंय कुठे? आणि आईबापांनी जाब विचारायचा तो कोणाला?

---

कोलंबसकर

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मुलीला सांगा, तिच्या बटरफ्लायला कोणी कुलूप लावू शकत नाही.

मी ओहायोत सव्वीस वर्षं आहे आणि फुटबॉलचा वेडा आहे, हे आधीच सांगतो. १९९९ च्या थंडीत इथे उतरलो तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढच्या शरदात मॅचला नेलं, लाखभर माणसं एका सुरात ओरडताना पाहिली आणि वाटलं, चला, या गावात आपल्याला जागा आहे. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या सीटची तिकिटं अजून मीच काढतो.

म्हणून सांगतो, खेळ वाईट नाही, धंदा बोकाळलाय. बिग टेन या कॉन्फरन्सने, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा टीव्हीचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. फुटबॉलच्या राष्ट्रीय प्लेऑफचे हक्क ईएसपीएन वाहिनीकडे, वर्षाला सुमारे १.३ अब्ज. एवढा पैसा आला तर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स बिनघोर चालायला हवं होतं. झालं उलटं. आलेला प्रत्येक डॉलर शेजारच्या विद्यापीठापेक्षा मोठी वेट रूम आणि महागडा कोच यात जातो. डॉलर वाढले तशी भूक वाढली.

---

निकालपत्र

धागाकर्तीच्या दुःखात सहभागी आहे. पण चर्चा खेळाडूंच्या अंगावर जाऊ नये म्हणून थोडा इतिहास.

'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द एनसीएएने १९५० च्या दशकात मुद्दाम घडवला. तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे ते कबूल केलं. कारण काय? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू मैदानावर डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने नुकसानभरपाई मागितली, जशी कामावर दगावलेल्या कामगाराच्या घरच्यांना मिळते. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाही म्हटलं. खेळाडू 'कामगार' ठरला तर प्रत्येक जखमेचा खर्च कॉलेजवर येईल, ही धास्ती होती. तो शब्द त्या धास्तीतून आला. १९७४ मध्ये टेक्सासमधल्या टीसीयू विद्यापीठाचा केंट वॉलड्रेप मॅचमध्ये मान मोडून पांगळा झाला. तो वर्षानुवर्षं भांडला आणि २००० मध्ये टेक्सासच्या कोर्टाने तेच उत्तर दिलं: तू कर्मचारी नव्हतास.

आणि किती क्षुल्लक गोष्टींवर नियम होते ते ऐका. खेळाडूला मधल्या वेळी बेगल (गोल पाव) दिला तर चालायचा, त्यावर क्रीम चीज लावलं की ते 'जेवण' व्हायचं आणि नियमभंग व्हायचा. २०१४ मध्ये कनेटिकटचा शबाझ नेपियर, राष्ट्रीय विजेत्या बास्केटबॉल संघाचा म्होरक्या, पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली. इतकी वर्षं मुलं उपाशी होती ती कोणाला दिसली नाहीत, टीव्हीवर आल्यावर दिसली.

२०२१ मध्ये 'ऑल्स्टन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने ९-० असा निकाल दिला. नऊच्या नऊ! न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण लिहून बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहा दिवसांत, १ जुलैला, खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरून कमावण्याची मुभा मिळाली, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीचा पूल गेला तो फुटबॉलपटूंना हक्काचे पैसे मिळाले म्हणून गेला नाही. सत्तर वर्षं न दिलेलं देणं एकदम अंगावर आलं, आणि ज्यांनी ते थकवलं त्यांनी स्वतःच्या ताटातलं काही काढलं नाही, म्हणून गेला.

---

पहाटेची_शिफ्ट

@निकालपत्र, मनापासून धन्यवाद. "स्वतःच्या ताटातलं काही काढलं नाही" हे अगदी नेमकं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आमच्या मजल्यावर फुटबॉलचे दोघं आहेत, ते मीटिंगच्या दिवशी आमच्यासाठी पिझ्झा घेऊन आले होते." मुलांचं आपसात काहीच भांडण नाही.

---

पाऊसवेडी

सिएटलहून. आमच्याकडे तर अख्खी कॉन्फरन्स मेली. पॅक-१२, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनकडे निघाली. पुढच्या वर्षी कोलोरॅडो गेलं, मग ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन, वॉशिंग्टन, अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा. पाच विद्यापीठं एका दिवसात! स्टॅनफर्ड आणि बर्कली, पॅसिफिकच्या काठावरची, आज 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' मध्ये खेळतात. मागे राहिले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट जिथे आहे त्या पुलमनसारख्या गहू पिकवणाऱ्या गावाचं सगळं अर्थकारण मॅचच्या सात-आठ शनिवारांवर असतं. मोटेलवाले, डायनरवाले यांना कोणी विचारलं?

माझ्या मैत्रिणीची मुलगी व्हॉलीबॉल खेळते. कॅलिफोर्नियातून न्यू जर्सी, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया. गुरुवारी निघायचं, सोमवारी पहाटे परत, आणि सकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. पोरगी विमानात फोल्डिंग टेबलावर रेणूंच्या आकृत्या काढत बसते. हे सगळं का, तर फुटबॉलच्या मॅच टीव्हीच्या वेळांना विकल्या गेल्या म्हणून. फुटबॉलचा संघ वर्षाला चार-पाचदा प्रवास करतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली त्याच्या कितीतरी पट.

---

शून्य_प्रहर

धाग्याचा मूळ प्रश्न: वॉशिंग्टनमध्ये अडलंय कुठे. मी तिथून चाळीस मिनिटांवर राहतो, हा विषय पहिल्यापासून बघतोय.

कॉन्फरन्सवाल्यांना काँग्रेसकडून तीन गोष्टी हव्यात. मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट, म्हणजे कोर्टात कोणी खेचू नये. प्रत्येक राज्याचे वेगवेगळे कायदे रद्द करून एकच कायदा. आणि खेळाडू 'कर्मचारी' नाहीत असं कायद्यात पक्कं लिहून मिळावं. 'स्कोर अॅक्ट' नावाच्या विधेयकात या तिन्ही आहेत. जुलै २०२५ मध्ये ते कमिट्यांतून पार पडलं. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहात मतदान ठरलं आणि ऐन वेळी मागे घेतलं, कारण स्वतःच्याच पक्षात मतं पुरेनात. सिनेटमध्ये तर साठ मतं लागतात.

दुसऱ्या बाजूला, डेमोक्रॅट सिनेटर कँटवेल यांच्या विधेयकात टीव्हीचे हक्क सगळ्यांनी मिळून विकण्याची सोय आहे. माझ्या मते या सगळ्या गोंधळातली ही सर्वात महत्त्वाची कल्पना. १९६१ च्या कायद्याने एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या संघांना टीव्हीचे हक्क एकत्र विकायची परवानगी दिली, म्हणून ग्रीन बे सारख्या छोट्या गावाचा संघ न्यूयॉर्कच्या बरोबरीने जगतो. कॉलेजांना ती परवानगी नाही. पूर्वी एनसीएए सगळ्यांच्या वतीने करार करायची, १९८४ मध्ये ओक्लाहोमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कॉन्फरन्स आपलं घोडं पुढे दामटतेय. पाऊसवेडी यांनी सांगितलेली पॅक-१२ ची कहाणी त्याच १९८४ च्या निकालाचं पोर आहे. टेक्सास टेकच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष कोडी कॅम्बेल, तेलातले अब्जाधीश, स्वतःच्या खर्चाने टीव्हीवर जाहिराती देऊन हेच मागतायत. बिग टेन आणि एसईसी (दक्षिणेकडची तितकीच बडी कॉन्फरन्स) यांना ते नको आहे. उघड आहे, मोठा वाटा त्यांचा आहे.

म्हणजे मोठ्या कॉन्फरन्सना सूट हवी पण वाटून घ्यायचं नाही. रिपब्लिकन सूट द्यायला तयार, पण खेळाडूंच्या हक्कांचं नाव नको. डेमोक्रॅट हक्कांचं बोलतात, पण जेव्हा त्यांच्या हातात सिनेट आणि व्हाइट हाउस दोन्ही होती त्या काळातही त्यांनी काही पास केलं नाही. मी दोन्ही पक्षांना मतं दिलीत आणि दोन्हींवर चिडलोय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकार बंद होतं. माझा पगार अडकला होता. ज्यांना देशाचं बजेट वेळेत जमत नाही, ते पोहणाऱ्या मुलींसाठी कधी बसणार?

---

बेयोकाठी

लुइझियानातल्या बॅटन रूजहून लिहितोय, रिफायनरीत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, फुटबॉल कोच ब्रायन केली यांना काढलं. करारातली उरलेली रक्कम सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर. सरकारी विद्यापीठ आहे हे. लगेच आमचे गव्हर्नर जेफ लँड्री पत्रकार परिषदेत उतरले आणि म्हणाले, पुढचा कोच हा अॅथलेटिक डायरेक्टर निवडणार नाही, त्यापेक्षा मी अध्यक्ष ट्रम्पना निवडायला सांगेन. दोन दिवसांत तो डायरेक्टर, स्कॉट वुडवर्ड, गेला.

गव्हर्नरांचा राग मला पटला होता, खरंच. करदात्यांनी एवढी रक्कम का सोसायची? पण महिन्याभराने नवा कोच आला, लेन किफिन, सात वर्षं, वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात. राग एका माणसावर होता, पद्धतीवर नव्हता.

आणि हे चालू असताना, त्याच आठवड्यांत, शटडाउनमुळे देशभर अन्नमदतीचे पैसे लटकले होते. आमच्या मंडळाने गणपतीतल्या उरलेल्या निधीतून फूड बँकेला तांदूळ आणि डाळ दिली. मी स्वतः रांग बघितली. पुढे उभी असलेली बाई एलएसयूचा जांभळा स्वेटर घालून होती, कडेवर लहान पोर. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

---

कोलंबसकर

@बेयोकाठी, शब्द नाहीत.

टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरना साडेसात कोटी डॉलरच्या वर मोजले, *काम न करण्याचे*. पेन स्टेटने २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनना काढलं तेव्हा करारातली उरलेली रक्कम जवळपास पाच कोटी होती, त्यांना दुसरीकडे नोकरी लागली म्हणून ते शेवटी ९० लाखांवर मिटलं. इथल्या निम्म्याहून कितीतरी जास्त राज्यांत सर्वात जास्त पगाराचा सरकारी नोकर कोण, तर फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच. मी चाहता आहे तरी मला याची लाज वाटते.

---

निकालपत्र

कोच आणि राजकारण म्हटलं की अलाबामाचे सिनेटर टॉमी ट्युबरव्हिल. दहा मोसम ऑबर्न विद्यापीठाचे फुटबॉल कोच, २००८ मध्ये सोडताना सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. २०२१ पासून सिनेटमध्ये. २०२३ मध्ये त्यांनी गर्भपाताच्या धोरणावरून चारशेहून जास्त लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या दहा महिने अडवून धरल्या. २०२५ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. कॉलेज खेळांत फार पैसा शिरला म्हणून ते कळवळून बोलतात. माझं म्हणणं साधं आहे. सिनेटमध्ये एकटा माणूस दहा महिने सगळं लष्कर थांबवू शकतो, तर तिथे शंभर जण मिळून एक क्रीडा कायदा करू शकत नाहीत हे मी मानायला तयार नाही. इच्छा नाही, एवढंच.

---

टॉपस्पिन

मी पुण्याचा, इथे डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर, टेनिस खेळतो. आमच्याकडच्या ज्युनियर सर्किटमधल्या प्रत्येक घरात अमेरिकन कॉलेजचं स्वप्न असतं, म्हणून पालकांसाठी लिहितो.

कॉलेज टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत. आम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, म्हणून एनआयएलचे पैसे घेणं म्हणजे व्हिसा धोक्यात घालणं. पर्ड्यूचा झॅक एडी, कॅनडाचा, लागोपाठ दोन वर्षं कॉलेज बास्केटबॉलमधला देशातला सर्वोत्तम खेळाडू, त्यालाही हाच अडसर. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर चिब्वे, तोही परदेशी, संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे जाहिरातीची कामं करून आला, कारण ते अमेरिकेबाहेर होतं. आता विद्यापीठ थेट पैसे देणार, ते आम्ही घ्यायचे की नाही हे सरकारने स्पष्ट सांगितलेलंच नाही. आमच्या संघात आठ जण, सहा परदेशी. एका स्थानिक दुकानाने संघाला टी-शर्टच्या जाहिरातीचं विचारलं. दोघांनी सही केली. आम्ही सहा जण फोटोतून बाजूला उभे राहिलो.

आणि टेनिस हा कात्रीखाली येणाऱ्या पहिल्या खेळांपैकी एक आहे. आईबाबांनी मांजरीतला प्लॉट विकून मला अॅकॅडमीत घातलं. संघ बंद झाला तर दुसरं कॉलेज शोधायचं, व्हिसाचे कागद हलवायचे, सगळं काही आठवड्यांत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, त्यामुळे पदवीनंतरचं काय तेही धूसर. रोज सराव करतो. सर्व्ह टाकताना मात्र काहीही आठवत नाही, तेवढा वेळ बरा जातो.

---

पाऊसवेडी

@टॉपस्पिन, बाळा, कुठल्याही गावात असशील, जवळच्या महाराष्ट्र मंडळात जा. जेवायला बोलावणारे दहा जण भेटतील. अडीअडचणीला मला इथेच निरोप टाक.

---

प्रयोगशाळा

या धाग्यावर एक बाजू राहिली, विद्यापीठाच्या आतली. मी जीवशास्त्रात पोस्टडॉक. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, संशोधनाच्या अप्रत्यक्ष खर्चाला (इमारत, वीज, कारभार) १५ टक्क्यांची कमाल मर्यादा जाहीर केली. कोर्टाने अडवली, पण धास्तीने आमच्या विभागाने पीएचडीच्या जागा कमी केल्या. फ्रीझरचं कॉम्प्रेसर गेलं तर दुरुस्तीला मंजुरी मिळायला तीन आठवडे लागले, तोवर आम्ही आळीपाळीने कोरडा बर्फ घालत होतो. नमुने दहा वर्षांचे होते. खिडकीतून समोर स्टेडियमच्या नव्या स्क्रीनचं काम दिसायचं.

मला कोणी सांगेल की दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या खात्यांतले. माहीत आहे. तरीही विद्यापीठ एकच आहे, आणि ते कशासाठी धावतं हे दिसतं.

---

मोकळा_वारा

थोडा विरोधी सूर. पोहणं, टेनिस, फेन्सिंग (तलवारबाजी) हे तसे पैसेवाल्या घरांचे खेळ नाहीत का? क्लबची फी, प्रवास, खासगी कोच. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये घाम गाळणारी बरीच मुलं गरीब घरांतली, बरीचशी कृष्णवर्णीय. त्यांच्या कमाईवर इतकी वर्षं बाकीचे खेळ चालले. आता त्यांनी हिस्सा घेतला तर आपण मध्यमवर्गीय आईबापांनी इतकं रडायचं का?

---

पहाटेची_शिफ्ट

@मोकळा_वारा, प्रश्न बोचला, पण रास्त आहे. दोन दिवस विचार करून लिहितेय.

हो, आमच्याकडे पैसे होते म्हणून ती पोहू शकली. तिच्या संघात एक मुलगी होती जिची आई रात्रपाळीत नर्सिंग होममध्ये काम करते. ती गावातल्या सार्वजनिक तलावात शिकली, शंभर फ्रीस्टाइलमध्ये आमच्या लेकीच्या पुष्कळ पुढे. तिची पूर्ण स्कॉलरशिप होती. संघ बंद झाल्यावर ती पोर्टलमध्ये, म्हणजे दुसरं विद्यापीठ शोधणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेली, पण तिच्यासारख्या शेकडो त्याच वेळी पोर्टलमध्ये होत्या, कारण त्याच सुमारास इतरही संघ बंद होत होते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहणं आणि डायव्हिंग बंद केलं, तिथल्या पालकांनी निधी उभारायचा जिवापाड प्रयत्न केला, तरी वाचलं नाही. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस तर मार्च मॅडनेस या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आठवडाभरात म्हणालं, आम्ही डिव्हिजन थ्रीत चाललो, जिथे खेळाच्या स्कॉलरशिप नसतात.

आणि तुम्ही म्हणता तो हिस्सा मुलींना कितीसा मिळाला? बहुतेक मोठी विद्यापीठं वाटप करताना तीन चतुर्थांश फुटबॉलला आणि उरलेल्यातला मोठा भाग पुरुषांच्या बास्केटबॉलला देतायत. टायटल नाइन १९७२ चा, समान संधीचा कायदा. बायडेन सरकारने जाता जाता जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की हे पैसेही त्यात मोजायचे. नव्या सरकारने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. महिनाभरात दोन उत्तरं! जुन्या खेळाडूंच्या २.८ अब्जांच्या वाटपावर आठ मुलींनी अपील केलं, ते याच मुद्द्यावर.

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला की ज्यांचं क्रीडा उत्पन्न साडेबारा कोटी डॉलरच्या वर आहे त्यांनी कमाई नसलेल्या खेळांतल्या स्कॉलरशिप वाढवाव्यात. मी त्यांची मतदार नाही, तरी त्या दिवशी मला आशा वाटली होती. पण आदेश म्हणजे कायदा नव्हे. शिवाय आमचं विद्यापीठ तेवढं मोठंच नाही. आमच्यासारख्यांकडून तर या तडजोडीचा खर्च वसूल होतोय, कारण एनसीएए तिचे पैसे भागवायला सगळ्या डिव्हिजन वन विद्यापीठांच्या वाट्यातून कापून घेतेय. ज्या खटल्यातली कमाई आम्ही कधी पाहिली नाही, त्याची भरपाई आम्ही करतोय.

---

मोकळा_वारा

हे माहीत नव्हतं. छोट्या विद्यापीठांच्या वाट्यातून कापतात हा मुद्दा पटला. माझा प्रतिसाद जरा कठोर होता, क्षमस्व.

---

शून्य_प्रहर

ताई, तुमचा दुसरा प्रश्न, जाब कोणाला विचारायचा. तीन दारं आहेत. विश्वस्त मंडळाच्या बैठका सरकारी विद्यापीठात खुल्या असतात, आणि लोकांना बोलायला तीनेक मिनिटं देतात, नाव आधी नोंदवावं लागतं. अॅथलेटिक्स फीचा हिशोब राज्याच्या माहिती कायद्याखाली लेखी मागा, तो सार्वजनिक पैसा आहे. आणि काँग्रेसमन, सिनेटर यांच्या ऑफिसला फोन. ईमेल नको, फोन. विधेयकाचं नाव घ्या, झिप कोड द्या, एकच मागणी करा. मतदार नसलात, ग्रीन कार्डवर असलात तरी तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता, फोन करायचा हक्क आहे.

---

कोलंबसकर

मीही करतो. फुटबॉलच्या चाहत्याने टीव्हीचे हक्क वाटून घ्या असं सांगितलं तर जास्त ऐकतील.

---

पहाटेची_शिफ्ट

अपडेट देते.

विद्यापीठाकडे फीचा हिशोब लेखी मागितला. पोच आली, उत्तराला मुदत आहे. सोमवारी सकाळी नऊला काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन केला. एका तरुण मुलाने उचलला, आवाजावरून लेकीच्याच वयाचा. झिप कोड विचारला. मी सांगितलं: टीव्हीचे हक्क एकत्र विकायला परवानगी द्या आणि त्यातला ठरावीक हिस्सा इतर खेळांसाठी बांधून ठेवा. तो म्हणाला, "नोंद घेतो, मॅडम." मग थोडं थांबून विचारलं, कुठला खेळ? मी म्हटलं, पोहणं, दोनशे बटरफ्लाय. तो म्हणाला, मी बॅकस्ट्रोक करायचो, आमचाही संघ गेला.

दोघंही क्षणभर गप्प होतो. मग त्याने सिनेटरच्या ऑफिसमध्ये हा विषय बघणाऱ्या बाईंचं नाव आणि थेट नंबर दिला. उद्या त्यांना करते. विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे, नाव नोंदवलंय, लेकही येणार म्हणतेय. कोणी त्या तीन मिनिटांचं भाषण आधी वाचून सुचवण्या देईल का? इथेच टाकते.